पायाळूची कंबर

आमच्या शेजारच्या घरची सून सातव्या महिन्यात आहे. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरते आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. परवा मी तिला थांबवून विचारलं, कुठं दुखतं? तिने पोटाच्या खाली, पुढच्या हाडावर हात ठेवला. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या आजी, सगळ्यांनाच दुखतं म्हणतात."

हेच मला पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ते मी ऐकलं, आणि माझी चाल कायमची मोडली. म्हणून लिहायला बसले आहे. मी चौथी शिकले आहे. डॉक्टरी मला येत नाही. माझ्या अंगावर जे गेलं तेवढंच सांगते.

माझा गुण

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून आलं. आमच्या भिवापूरकडे अशा माणसाला फार मान. कुणाच्या कंबरेत चमक भरली, म्हणजे वाकताना लचक बसून माणूस तिथेच अडकला, की त्याला पायाळूच्या दारात आणायचं. त्याने चौकट धरून पाठ करून उभं राहायचं. पायाळूने एका पायावर उभं राहून डाव्या पायाची टाच त्याच्या कंबरेत तीनदा मारायची. मंगळवारी नाहीतर शनिवारी, सकाळी, उपाशीपोटी. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, घेतलं तर गुण जातो.

चमक निघते का? कधी निघते. तशी ती चार दिवसांनी आपोआपही निघते. पण ते श्रेय चार दिवसांना कोणी देत नाही.

मला पाहायला नागपूरहून सासू आली तेव्हा तिने माझा रंग पाहिला नाही, स्वयंपाक विचारला नाही. माझ्या मायला म्हणाली, "पोरगी पायाळू हाय ना नक्की? सुईनीनं सोता पाह्यलं?" माय म्हणाली, "म्या जन्म देल्ला, मले नाही ठाव काय?" तिथेच सुपारी फुटली. एकोणिसाव्या वर्षी मी नागपुरात आले. नवरा मिलमध्ये कामाला होता, पाळ्यांनी जायचा. घरात तो, सासू आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची.

दोन महिन्यांत साऱ्या गल्लीला कळलं. मंगळवारी आणि शनिवारी दारात माणसं उभी राहू लागली. आत्याबाई पाट टाकून दाराशी बसायच्या आणि एकेकाला पुढे करायच्या. पूर्वी नळावर त्यांना कोणी जागा देत नव्हतं. आता बाया त्यांची घागर आधी लावायच्या. ही लाथ माझी होती, पण मान त्यांचा होता. तो सोडायला त्या तयार नव्हत्या, हे मला तेव्हा समजलं नाही.

दिवस गेल्यावर

चौथ्या महिन्यापर्यंत काही त्रास नव्हता. पाचव्यात कंबर धरू लागली. मग दुखणं पुढे आलं. कूस बदलताना आतून करवत फिरल्यासारखं व्हायचं. लुगडं नेसताना एक पाय उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. न्हाणीचा उंबरा मला डोंगर झाला.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "काहून वं कौसल्ये, पायाळूची कंबर दुखते काय कधी? लोकाइच्या चमका काढते अन् सोताची निघून नाही राहिली?"

समोरच्या घरची बाई भांडी घासता घासता म्हणाली, "तिले लाथ मारासाठी कोन आनाव मंग? बुडा बैल आना एखादा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा न हसणारी सून वाईट ठरायची.

शनिवार-मंगळवार चालूच राहिले. पोटुशी असून सकाळपासून पाणीसुद्धा नाही, कारण गुण उपाशीपोटीच लागतो. शेवटचा माणूस जाईपर्यंत मला भाकरी मिळायची नाही. एका पायावर उभं राहायचं, दुसरा उचलायचा, तीनदा. चार माणसं असली की बारा वेळा. नंतर मला कळलं की माझ्या दुखण्यात करायची नव्हती अशी जी एक गोष्ट होती, ती हीच होती. तीच मी आठवड्यातून दोन दिवस करत होते, आणि माझ्या घरचे मला ती करायला लावत होते.

मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. "माय म्हनते तसं कर ना. तिनं का लेकरं काढले नाही?"

तिने दोन लेकरं काढली होती. पण ती पायाळू नव्हती.

मुकादम

सातवा लागला होता. त्या शनिवारी दाराशी टांगा थांबला. नवऱ्याच्या खात्याचा मुकादम आला होता, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, कंबरेत वाकडा झालेला. जाडजूड माणूस. आत्याबाईंनी पाटावर सतरंजी टाकली. मुकादम आपल्या दारात आला हे पाहायला अर्धी गल्ली जमली.

मी आत भिंतीला धरून उभी होते. नवऱ्याला म्हटलं, "माह्यानं आज पाय उचलत नाही. खरंच सांगतो."

तो हळू आवाजात म्हणाला, "एकडाव. मुकादम हाय वं तो. माही पाळी त्याच्या हातात हाय. यानंतर नको मारू कोनाले."

त्याने विनवणी केली म्हणून मी गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला कोणी ओढत नेलं नाही. मी माझ्या पायांनी गेले.

पहिली लाथ लागली. दुसरीला माझ्या तोंडातून आवाज निघाला तर आत्याबाई लोकांना म्हणाल्या, "गुन उतरून राहिला, पाहा." तिसऱ्या वेळी माझी टाच कंबरेत असताना मुकादमाने सारं अंग मागे टाकलं. माझ्या पुढच्या हाडात काहीतरी कडाडलं. वाळली काडी मोडावी तसं, मला स्वतःला ऐकू आलं. मी बसले ती बसलेच.

मुकादम सरळ झाला, दोन पावलं चालून पाहिली आणि म्हणाला, "वा! निघाली राजेहो!" आणि टांग्यात बसून गेला. लोक त्याच्याकडेच पाहत होते.

सावनेरची म्हातारी

तीन दिवस मी चटईवर होते. उठता येईना. परसाकडे बसायचं तर दोन बायांनी उचलायचं. पाय जवळ घेतले तर दुखायचं, लांब केले तर त्याहून जास्त. पोटातलं मूल हलायचं तेवढाच आधार होता. ते जरा वेळ गप्प राहिलं की मी पोटावर बोटं वाजवायची.

आत्याबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली. नाहीतं चमक भरली." चमकेवर इलाज त्यांना एकच माहीत होता. सावनेरकडची एक पायाळू म्हातारी त्यांनी बोलावून आणली, मला लाथ मारायला.

म्हातारी एसटीने आली. काठी टेकत, बदकासारखी डुलत आत आली. माझ्याजवळ बसली. कपाळाला हात लावला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिने माझ्या पोटाखालच्या हाडावर दोन बोटं ठेवली. मी किंचाळले.

ती आत्याबाईंना म्हणाली, "इले कोन लाथ मारते? म्या नाही मारत."

"अवं बाई, येवढ्या दुरून आनलं तुले."

"आनलं तं आनलं. माही चाल पाह्यली का तू? म्या बी पोटुशी असताना मारत होती. सासरा म्हने, गुन हाय, वाया नको जाऊ देऊ. माहे दोन गेले पोटातले. तिसऱ्याच्या येळी हे कंबर गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, दवाखान्यात जाय. अन् बरी झाली का सांगजो, गुन गेला. समजलं? गेला म्हनजो."

तिने चहासुद्धा घेतला नाही. मला पायाळूने दिलेला खरा इलाज एवढाच. तिचं नाव मी विचारलं नाही, याची खंत आहे.

मूल जाईल म्हटल्यावर नवरा घाबरला. बायको जाईल म्हटल्यावर घाबरला असता की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्याने सायकलरिक्षा आणली.

निदानाचा दिवस

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. विचारलं, "काय झालं? पडलीस का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "न्हानीत घसरली, बाई."

मी गप्प बसले. तुम्हाला हे वाचून राग येत असेल. मलाही येतो. पण सासू उशाशी आणि नवरा पायथ्याशी उभा असताना वीस वर्षांची पोरगी खरं बोलत नसते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळंतपणासाठी हाडांचे सांधे सैल होतातच, माझा पुढचा सांधा मात्र नुसता सैल न होता उकलला आहे. पोटात मूल असल्यामुळे हाडाचा फोटो काढता येणार नाही. औषध असं नाही. पडून राहायचं, बाळंत होईपर्यंत. चालणं पुढे कसं राहील ते आत्ता सांगता येत नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "मंग घरचं कोन करन?"

खाट

लोखंडी खाट, खिडकीपासून दुसरी. मार्च उलटला होता. खिडकीला वाळ्याची टट्टी लावलेली, आया येऊन तिच्यावर बादलीने पाणी मारायची. माझ्या बाजूला दोन तांबे जास्त मारायची, मी न मागता. पहाटे फिनेलचा वास, मग दूध-पाव, मग भांडं, मग डॉक्टरांची फेरी. चार ते सहा भेटायची वेळ. सहानंतर आम्ही बाया एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवत बसायचो.

तिथे एक केरळची सिस्टर होती. हिंदी तोडकी, हात मात्र पक्के. पहिल्याच दिवशी तिने चादरीची लांब घडी घातली आणि माझ्या कुल्ल्यांभोवती गच्च बांधली. पोटावर नाही, पोटाच्या खाली. ती गाठ बसली आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा माझा श्वास पुरा आत गेला. मी रडले तर ती म्हणाली, "रोना बाद में. पहले करवट."

कूस बदलायला तिनेच शिकवलं. दोन गुडघे चिकटवायचे, मध्ये उशी, आणि सारं अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम फिरवायचं. मी विसरले की ती वॉर्डच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची, "कौसल्या! दोनों घुटना साथ में! साथ में बोला ना!" पुढे सगळ्या वॉर्डातल्या बाया ओरडायला लागल्या.

एका दुपारी तिने विचारलं, "बाथरूम में गिरने से ऐसा नहीं होता. सच बोलो." मी सांगितलं. लाथेचं सगळं. तिने चादरीची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. मग म्हणाली, "तुम उनका कमर ठीक करता था, और तुम्हारा कमर कौन देखता था?"

माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

नवरा आठवड्यातून दोनदा यायचा. एकदा खुशीत आला. "मुकादमानं मले पहिल्या पाळीत टाकलं." मला वाटलं, हा पुढे काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "दवाखान्यात यायले बरं झालं." मी भिंतीकडे तोंड केलं. तेसुद्धा गुडघे चिकटवून.

उलटं मूल

नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि सिस्टरकडे पाहिलं. मूल फिरलं नव्हतं. डोकं वर, पाय खाली.

बाळंतपण अवघड जाईल म्हणून मी रडते आहे असं सिस्टरला वाटलं. मी म्हटलं, तसं नाही. पायाळू मूल झालं की आत्याबाईंना वारस मिळेल. पोरगी झाली तर आठव्या-नवव्या वर्षी तिला उपाशीपोटी दारात उभं करतील. तिलाही दिवस जातील. सावनेरची म्हातारी झाली, मी झाले, मग ही. त्या वेळी मला माझ्या चालण्याची फिकीर उरली नव्हती.

सिस्टरने ऐकून घेतलं. गाठ आवळली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुपारी बाळंत झाले. त्याचं वर्णन करत नाही. सिस्टरने माझे गुडघे धरून ठेवले होते, हवे त्यापेक्षा एक इंचही लांब जाऊ दिले नाहीत. आधी पाय आले. मुलगी.

चारला आत्याबाई आल्या. मुलगा की मुलगी, हे त्यांनी विचारलं नाही. मी जगले का, हेही नाही. विचारलं, "पाय आंधी आले काय वं?"

मी म्हटलं, "नाही. डोकं."

आयुष्यात मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. आवाज फाटला, त्यांना संशय आला. त्यांनी पाळण्याजवळच्या सिस्टरकडे पाहिलं. तिला मी काही शिकवलं नव्हतं. ती लंगोट घडी करत म्हणाली, "सिर पहले आया, माँजी. एकदम सीधा."

आत्याबाईंनी पदर खांद्यावर घेतला. "पोरगी, अन् ते बी साधी," म्हणाल्या, आणि गेल्या. दवाखान्याच्या कार्डावर खरं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. आमच्या घरी ते कोणाला वाचता येत नव्हतं. घरी गेल्यावर पहिला चहा मी त्याच कार्डाच्या जाळावर केला.

जे कामाचं आहे ते

मी वर्षभराने काठीशिवाय चालू लागले. डुलत. अजून तशीच चालते. दुसरं मूल डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं, आणि त्याचे टोमणे मी वीस वर्षं खाल्ले.

पोटुशी असताना पुढचं हाड दुखत असेल तर एका पायावर उभं राहू नका. लुगडं, चप्पल, सगळं बसून घाला. गुडघ्यांमध्ये उशी घ्या. कुल्ल्यांभोवती पट्टा बांधा, पोटावर नको. आता नागपूरच्या प्रताप नगरातसुद्धा हातांनी मणके बसवणारे शिकलेले लोक आहेत. गरोदर बायाही जातात. त्यांची विद्या मला माहीत नाही, म्हणून मी वाईटही म्हणत नाही. पण आधी आपल्या डॉक्टरला विचारा, कितवा महिना आहे ते त्या माणसाला सांगा, आणि जो न विचारता झटका द्यायला पुढे येईल त्याच्यापुढून उठून या. दुखतं हे घरात मोठ्याने सांगा. आणि डॉक्टरपुढे दुसऱ्याला उत्तर देऊ देऊ नका. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

गुण

म्हातारीने सांगितल्याप्रमाणे मी सांगितलं, बाळंतपणात गुण गेला. दारातली माणसं कमी झाली, मग बंद झाली. नळावर आत्याबाईंची घागर परत मागे गेली. त्यांनी ते मला कधी माफ केलं नाही.

माझी मुलगी वंदना आता पन्नाशीची आहे. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, तो तसाच गेला. हे वाचूनच तिला कळेल.

ती सहा वर्षांची असताना आत्याबाईंच्या कंबरेत चमक भरली. घागर उचलताना अडकल्या त्या अडकल्याच. खाटेवर पालथ्या पडून ओरडत होत्या. मला म्हणाल्या, "कौसल्ये, एकडाव लाव वं पाय. गेला असन गुन, तरी लाव. पाहू तं दे."

मी म्हटलं, "गेला तो गेला, आत्याबाई."

"मंग शोध ना वं कोनी पायाळू. एवढ्या मोठ्या नागपुरात एक नाही काय?"

अंगणात वंदना शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळत होती. डावा पाय वर उचललेला. गुण असतो की नसतो, ते मला आजही ठाऊक नाही. असेल तर तो तिथे, खाटेपासून दहा पावलांवर, उड्या मारत होता.

मी बाहेर गेले, वंदनाला दुसऱ्या अंगणात खेळायला पाठवलं, आणि मग आत येऊन आत्याबाईंची कंबर शेकली. चमक चौथ्या दिवशी निघाली.